तिसऱ्या दिवसाबद्दल कोणीच का लिहीत नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दर थोड्या दिवसांनी "आजच सुरुवात करा" छापाचा एक लेख येतो. सोबत घट्ट कपड्यांतल्या हसऱ्या माणसाचा मोठ्ठा फोटो आणि खाली तीस दिवसांचा तक्ता, पहिल्या दिवशी इतक्या उठाबशा, दुसऱ्या दिवशी तितक्या. असाच एक तक्ता मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आतून अशासाठी की नाहीच जमलं तर निदान कोणाला दिसायला नको. लेख वाईट नव्हता. पण त्या अख्ख्या पानावर कुठेही, अगदी बारीक अक्षरातसुद्धा, लिहिलेलं नव्हतं की तिसऱ्या दिवशी सकाळी माणसाचं काय होतं.

तर ते मी सांगतो. वय 46, बसून काम, रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले आता हलायला लागा, म्हणून मी हललो. तक्त्यात पहिल्या दिवशी 20 उठाबशा होत्या. मी 60 काढल्या, कारण विसाव्या उठाबशीला काहीच वाटलं नाही आणि मला शाळेतला मी आठवला (ही चूक माझी, तुमची नाही, मान्य). संध्याकाळी एकदम फ्रेश, घरात सगळ्यांना सांगून झालं की अरे हे तर सोपंय. दुसऱ्या दिवशी मांड्या जरा जड वाटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले आणि उठायला गेलो तर मांड्या माझ्या नव्हत्याच, रात्रीत कोणीतरी बदलून नेल्यासारख्या, लाकडाच्या. बाथरूममध्ये कमोडवर बसायचं म्हणजे एका हाताने बेसिन धरून अर्ध्यापर्यंत कसंबसं आणि शेवटची वीतभर सरळ स्वतःला सोडून द्यायचं, धप्प. जिना चढता येत होता पण उतरता येत नव्हता, म्हणून कठडा धरून उलटा उतरलो, पाठ खाली तोंड वर, आणि खालच्या मजल्यावरचं एक पोरगं दारात उभं राहून विचारतंय, "काका, तुम्ही रिव्हर्स का येताय?"

काय सांगणार त्याला.

मग सल्ले सुरू झाले. मेहुणा म्हणाला लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, आज अजून दुप्पट कर म्हणजे निघून जाईल. ऑफिसमधले एक म्हणाले महिनाभर आडवं पडा, स्नायू फाटलेत. बायको म्हणाली डॉक्टरांना फोन करा, आणि आमच्या मातोश्रींनी निकाल दिला की या वयात हे थेर हवेतच कशाला. चार माणसं, चार सल्ले, आणि मी सोफ्यावर बसलेलो, म्हणजे बसल्यावर उठता येत नव्हतं म्हणून बसलेलो.

मी सगळं सोडणारच होतो. किती लोक इथेच सोडत असतील! त्यांना वाटतं की आपल्याला काहीतरी झालंय, व्यायाम आपल्याला "सोसला नाही". कारण असं होणार आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. प्रवासाला निघताना रस्त्यात घाट लागणारे एवढं कोणी सांगितलं असेल तर पोटात ढवळलं तरी माणूस घाबरत नाही, तसंच आहे हे.

नंतर वाचलं, फिजिओथेरपिस्ट मॅडमना विचारलं, तेव्हा कळलं की हे दुखणं इतकं ओळखीचं आहे की त्याला चांगलं चार शब्दांचं इंग्रजी नाव आहे आणि जिममधली पोरं त्याला नुसतं "डॉम्स" म्हणतात. उशिरा सुरू होणारं स्नायूंचं दुखणं. व्यायामानंतर साधारण 12 ते 24 तासांनी चालू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि पाच-सात दिवसांत आपलं आपण निघून जातं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1902 मध्येच बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून लिहून ठेवलं होतं की असं मागाहून येणारं दुखणं स्नायूच्या आत झालेल्या बारीक इजेमुळे असावं. 1902! म्हणजे सव्वाशे वर्षं झाली आणि आमचा मेहुणा अजून लॅक्टिक अ‍ॅसिडवर अडकलाय.

त्याचीही चूक नाही म्हणा, आपण म्हणतोच ना "अंग आंबलंय". आंबणं म्हटलं की अ‍ॅसिड आलंच. पण जोरात व्यायाम केल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या लॅक्टिक अ‍ॅसिडचंच रूप, साधारण तासाभरात पूर्ववत होतं, मग जे पहिल्या दिवशी दुपारीच संपलं ते तिसऱ्या दिवशी जिन्यात कसं दुखवेल? खरं कारण असं की स्नायू लांब होत असताना वजन पेलतो तेव्हा त्याच्या आतल्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग तिथे दुरुस्तीचं काम सुरू होतं, थोडी सूज येते, नसा हळव्या होतात, आणि हे सगळं व्हायला एक-दोन दिवस जातात म्हणून दुखणं उशिरा. उठाबशीत खाली जाताना, जिना उतरताना, वजन हळूहळू खाली ठेवताना हेच होत असतं. एका पायाने स्टुलावर चढायचं आणि उतरताना भार कायम त्याच पायाने पेलत दुसरा पाय जमिनीला टेकवायचा, असं बऱ्याच वेळा केलं तर दोन दिवसांनी भार पेलणारी मांडी बोंबलते आणि आधी जमिनीवर टेकणाऱ्या पायाला पत्ताही नसतो. प्रयोगच करायचा असेल तर दोन दिवस सुट्टी असताना करा.

आणि यातली खरी गंमत, जी तुमच्या लेखात ठळक चौकटीत हवी होती, ती अशी की हेच काम दुसऱ्यांदा केलं की दुखणं अर्ध्यावरही येत नाही. स्नायू एका फटक्यात शिकतो आणि ते काही आठवडे लक्षात ठेवतो. मी आठवड्याने पुन्हा उठाबशा काढल्या, यावेळी शहाण्यासारख्या 25, आणि तिसऱ्या दिवशी जिना सरळ उतरलो. ते खालचं पोरगं दारात होतं, त्याने बघितलं, मी मुद्दाम जरा रुबाबात उतरलो.

मधल्या दिवसांत काय करायचं तर फार काही नाही. हळूहळू चालत राहायचं, कारण हलल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि बसून राहिलं की अंग आणखी धरतं. कोमट पाण्याने अंघोळ, शेक, हलक्या हाताने मालिश, ज्याला जे बरं वाटेल ते, नीट झोप, आणि तोच स्नायू दुखायचा थांबेपर्यंत त्याच्यावर पुन्हा जोर नाही, कारण त्या दिवसांत त्याची ताकद खरोखरच कमी झालेली असते आणि अशा वेळी वजन उचलायला गेलं की दुसरंच काहीतरी लचकतं. तुमच्या तक्त्यात मात्र "आधी पाच मिनिटं स्ट्रेचिंग करा म्हणजे अंग दुखणार नाही" असं छापलेलं होतं. मी केलं होतं हो! इमानदारीत केलं होतं. 2011 मध्ये कॉक्रेन नावाच्या, वैद्यकीय प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी यावरचे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तर स्ट्रेचिंग आधी करा, नंतर करा नाहीतर दोन्ही वेळा करा, दुखण्यात फरक पडतो शंभरातल्या अर्ध्यापासून फार तर चार गुणांचा, म्हणजे जवळपास नाहीच. स्ट्रेचिंग आवडत असेल तर जरूर करावं, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच्या भरवशावर 60 उठाबशा काढू नयेत एवढंच.

हे झालं अंग आंबण्याचं. आता दुसरी गोष्ट, ती जास्त महत्त्वाची आहे आणि तिथे मी खरोखर तोंडावर आपटलो.

डॉम्सची भीती गेल्यावर मी उलट्या टोकाला गेलो. सगळं दुखणं म्हणजे चांगलंच दुखणं, दुखतंय म्हणजे काम होतंय, असं वाटायला लागलं. पाचव्या आठवड्यात दम चांगला टिकायला लागला होता म्हणून चालण्याचं पळणं केलं, तेही एकदम, रोज. आठवडाभरात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. मी म्हटलं डॉम्स आहे, जाईल. दोन दिवस, चार दिवस, दहा दिवस. गेलं नाही, उलट आधी फक्त पळताना दुखायचं ते मग चालतानाही दुखायला लागलं. तेव्हा मॅडमकडे गेलो.

त्यांनी मला झोपवलं, बसवलं, मशीन लावलं असं काही नाही. पहिलं एवढंच विचारलं, "कुठे दुखतं ते हाताने दाखवा." मी पूर्ण तळवा नडगीवर फिरवला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. एका बोटाने दाखवलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती."

मला हे इतकं आवडलं की तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. तळवा की बोट? व्यायामानंतरचं साधं दुखणं तळव्याने दाखवावं लागतं, ते पसरलेलं असतं, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं, सांध्यात नसून स्नायूच्या गाभ्यात, दाबलं तर बोथट ठणकतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. बोटाने दाखवता येणारं दुखणं, म्हणजे हे बघा इथे, बरोब्बर इथे, त्यात एकच बाजू, टोचल्यासारखं, व्यायाम चालू असतानाच अचानक कळ आलेली, सांध्याला सूज, नाहीतर रोज थोडं वाढत जाणारं, तिथे थांबायचं. अर्थात हा ढोबळ नियम आहे, यावरून कोणी स्वतःचं निदान करून मोकळं होऊ नये. माझ्या नडगीचं दुखणं पसरलेलं होतं, चांगलं वीतभर, म्हणजे हाडाच्या कडेची नुसती चिडचिड. त्याच जागी हाडाच्या एकाच ठिपक्यावर दुखलं असतं, एका पायावर उडी मारताना कळ आली असती किंवा रात्री झोपेतही ठणकलं असतं तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता, आणि ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही हे तर मला मुळीच माहीत नव्हतं.

आणि हे पाचव्या-सहाव्या आठवड्यातच का होतं तेही त्यांनी सांगितलं. दम लवकर सुधारतो. स्नायूही लवकर तयार होतात, त्यांना रक्तपुरवठा भरपूर. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं ही मंडळी निवांत, त्यांना तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा लागतात. म्हणजे इंजिन नवीन बसवलंय आणि चाकं जुनीच, आणि आपण गाडी पळवतोय. गुडघ्याच्या वाटीमागे दुखणं, टाचेच्या मागची शीर धरणं, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला टाचेखाली सुई टोचल्यासारखं होणं, ही सगळी याच वळणावर भेटणारी पाहुणे मंडळी.

माझ्या नडगीला औषध काय मिळालं? पळणं तीन आठवडे बंद, चालणं आणि सायकल चालू, पोटऱ्यांचे व्यायाम रोज, आणि मग एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं असं पहिलीपासून. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगितलं, दोन-तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर चालू ठेवा, वाढलेलं असेल तर काल जास्त झालं असं समजा. किती साधं आहे हे! मी वहीत रोज आकडा लिहायचो, 4, 3, 3, 2, 3, 2, 1. तुमच्या तक्त्यात मी किती उठाबशा काढायच्या याला रोजची एक चौकट होती, पण मला काय होतंय याला एकही नव्हती.

घोट्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी अक्कल दिसते. पळायला परत सुरुवात केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलमध्ये किती पावलं झाली ते बघता बघता रस्त्याच्या कडेवरून पाय घसरला आणि उजवा घोटा बाहेरच्या बाजूने मुरगळला. टचकन आवाज, पाच मिनिटांत अंड्याएवढी सूज. लगेच एक भला माणूस धावत आला आणि म्हणाला दाबून जोरात चोळतो, मोकळं होईल. मी हात जोडले. ताज्या मुरगळीला पहिले दोन-तीन दिवस जोरात चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही एवढं तोवर शिकलो होतो, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवायचा. एक्स-रे हवा की नको हे ठरवायला डॉक्टर लोक 1992 पासून एक साधी पद्धत वापरतात, कॅनडातल्या ओटावाच्या नावाने ओळखली जाते: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतं का आणि चार पावलं टाकता येतात का. पायाच्या पंजाचीही दोन ठिकाणं दाबून बघतात. मी लंगडत का होईना पण चार पावलं टाकली, हाडावर दाबल्यावर दुखलं नाही, डॉक्टर म्हणाले फोटोची गरज नाही. जिवात जीव आला.

बर्फाचं मात्र एक सांगायलाच हवं. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय वर, हा जो मंत्र सगळ्यांना पाठ आहे तो 1978 मध्ये गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दिला, आणि 2014 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यामुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. ज्याने मंत्र दिला त्यानेच परत घेतला, असं किती वेळा होतं? तेव्हा बर्फ दुखणं बधिर करायला थोडा वेळ लावला तर ठीक, पण पंधरा दिवस पलंगावर पाय वर करून पडून राहणं आता कोणी सांगत नाही. मला दोन दिवसांनंतरच हळूहळू पाय टेकवायला लावला, मग पावलाने हवेत अक्षरं काढायची, मग एका पायावर उभं राहायचं. हे शेवटचं मी दात घासताना करतो. मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो बऱ्याचदा तोल सांभाळायची सवय गेल्यामुळे, सूज उतरली म्हणजे काम संपलं असं नसतं.

गोळ्यांचं पण लिहा कधीतरी. आमच्या ओळखीत एकजण व्यायामाच्या आधीच पेनकिलर घेतात, दुखू नये म्हणून. अहो, धुराचा अलार्म बंद करून स्वयंपाक करण्यातला प्रकार आहे हा. शिवाय घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या काही गोळ्या किडनीवर भार टाकतात, बीपीचं किंवा किडनीचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि काही गोष्टींना तर लेखात वर लाल अक्षरात जागा हवी. पहिल्याच दिवशी अति व्यायाम करून नंतर स्नायू भयंकर सुजले, हातपाय लुळे वाटायला लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर ते अंग आंबणं नाही, स्नायू तुटून त्यातली द्रव्यं किडनीत अडकत असू शकतात, तेव्हा त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. छातीत दाब, जबडा किंवा हातात जाणारी कळ, घाम, चक्कर, तेव्हाही "पुश-अप्समुळे असेल" म्हणून घरी बसायचं नाही. पोटरी एकाच पायाची सुजून गरम झाली, दुखायला लागली, तरी दाखवून घ्यायचं.

तुमच्या लेखात जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला होता, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम. बरोबर आहे, 2020 च्या मार्गदर्शनात तसंच आहे. पण त्याच मार्गदर्शनात हेही आहे की थोड्यापासून सुरुवात करा आणि किती वेळा, किती जोरात, किती वेळ हे हळूहळू वाढवत न्या. ते वाक्य तुमच्याकडे येता येता कुठे गळालं देव जाणे, आणि माझ्यासारखे लोक नेमके त्याच वाक्याच्या अभावी जिन्यावरून उलटे उतरतात.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी हा लेख छापाल (छापालच, मला खात्री आहे) तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या चौकटीत उठाबशांचा आकडा न टाकता "आज जिना उतरताना कठडा धरा, घाबरू नका" एवढं लिहा, पाचव्या आठवड्यात "दम वाढलाय म्हणून हाडं वाढली नाहीत" असं लिहा, आणि शेजारी आज किती दुखतंय ते लिहायला रोजची एक रिकामी चौकट ठेवा. पानावर जागा पुरत नसेल तर त्या हसऱ्या माणसाचा फोटो जरा लहान करा, त्याला तसंही कुठे काही दुखत नाहीये.

आपला,
एक नियमित वाचक
(सध्या एक मिनिट पळणे, दोन मिनिटं चालणे)